चौदा नंबरचे फोटो

अंबडच्या कंपन्यांत खंडेनवमीला जेवढा झेंडू खपतो तेवढा एखाद्या देवळात वर्षभरात खपत नसेल. त्या दिवशी सगळी मशीनं बंद. प्रत्येक कामगार आपलं मशीन घासूनपुसून लख्ख करतो, हळदीकुंकू वाहतो, हार घालतो आणि नारळ फोडतो. ज्याचं मशीन त्याची पूजा. तिथं साहेबाचंसुद्धा काही चालत नाही. वर्षातून तेवढा एकच दिवस कामगारांच्या बायकापोरांना गेटच्या आत सोडतात. ज्या पगारावर घर चाललं तो नक्की कशातून निघतो हे बायकांना त्या दिवशी दिसतं. कुसाबाई पहिल्यांदा आली तेव्हा चौदा नंबरच्या मशीनकडं बघून म्हणाली होती, "येवढंसंच हाय व्हय?" कारभारी बोरस्तेला ते इतकं लागलं की सिडकोतल्या घरी पोचेपर्यंत तो बायकोशी बोलला नाही.

मोटारींच्या गिअरबॉक्समधले दांडे बनवणारी ती कंपनी. कारभारीनं तिथं तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस चौदा नंबरवर. तो पर्मनंट होता. हा शब्द त्याला आपल्या आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडला. पर्मनंट म्हणून कुसाबाईच्या बापानं मुलगी दिली, पर्मनंट म्हणून निफाडकडच्या भावकीत त्याला पहिल्या पंगतीला बसवायचे, आणि कुठल्याही लग्नाच्या बैठकीत "मुलगा काय करतो" याच्या आधी "पर्मनंट आहे का" हे विचारायचा मानही त्यालाच.

कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करावे लागत. म्हणून कारभारीच्या नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत खंडेनवमीला युनियन एक फोटोग्राफर बोलवायची. प्रत्येक मशीनसमोर एक फोटो, कोपऱ्यात छापलेली तारीख, आणि त्याची एकच प्रत. ती मिळायची ज्याच्या नावाचं मशीन त्याला. कारभारीच्या प्रती कुसाबाईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, लोखंडी ट्रंकेत ठेवलेल्या असत.

आता एका कराराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून आलं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीशी जो करार झाला त्यावर युनियनच्या बाजूनं पाच सह्या आहेत. तिसरी कारभारीची. कंपनीचं म्हणणं असं, की मोटारवाले हल्ली आठवड्याच्या बोलीवर ऑर्डर देतात. ऑर्डर वरखाली होते, तर माणसंही वरखाली करता आली पाहिजेत. आहेत त्या पर्मनंट लोकांनी भरघोस पगारवाढ घ्यावी, पण यापुढं नवा पर्मनंट घ्यायचा नाही. येईल तो ठेकेदाराकडून येईल. पाच जणांनी दोन दिवस खल केला. "जे अजून आलेच नाहीत त्यांच्यासाठी आपण का भांडत बसायचं?" असं युनियनचा सेक्रेटरी रविराज म्हणाला, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसला तो कारभारी. सह्या झाल्या. गेटवर गुलाल उधळला, ढोल वाजला.

सहा महिन्यांनी रविराजनं नोकरी सोडली आणि कंपनीला माणसं पुरवायचा ठेका घेतला. मग त्याचं असं फावलं की विचारू नका. ठेक्यावरच्या पोरांचे गेटपास त्याच्या हातात, आणि गेटपास ज्याच्या हातात मतंही त्याच्याच खिशात. पुढच्या निवडणुकीत तो नगरसेवक झाला. 'कामगारांचा कैवारी' असं लिहिलेला त्याचा फलक त्रिमूर्ती चौकात लागला, तेव्हा कारभारीनं त्याच फलकाखाली उभं राहून निवांत चहा घेतला. त्याला त्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं, पण पोट भरलेलं असलं की माणसाला खटकायचं कमी होतं.

ठेक्याच्या पहिल्या खेपेत बहिरू आला. सुरगाण्याकडचा, आयटीआय झालेला, अंगानं किरकोळ आणि बोलायला त्याहून कमी. कारभारीच्या हाताखाली त्याला चौदा नंबरवर दिला. वर्षभरात पोरानं मशीन असं ओळखलं की कारभारी थक्क झाला. आत लोखंड कापणारं टूल बोथट व्हायला लागलं, की कारभारीला ते दांडे खराब निघाल्यावर समजे. बहिरू आधीच मान वर करायचा. "काका, मशीन कण्हतं हाय," म्हणायचा, आणि टूल काढून बघावं तर खरोखरच गेलेलं. पुढं कारभारीचे गुडघे धरले. चौथ्या वर्षापासून चौदा नंबर बहिरूच चालवत होता. कारभारी स्टुलावर बसून नोंदी करायचा आणि पगार पर्मनंटचा घ्यायचा. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

कागदावर मात्र बहिरू कधीच सात महिन्यांच्या पुढं टिकला नाही. सात महिने झाले की दहा दिवसांचा ब्रेक. मग नवा गेटपास, नव्या ठेकेदाराचं नाव, मशीन तेच. रविराजच्या तीन फर्म होत्या. एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. बहिरू आळीपाळीनं तिघांकडं नोकरीला असे.

ठेक्यावरच्या माणसाला स्वतःचं मशीन नाही, म्हणून त्याला खंडेनवमीची पूजाही नाही. पण कारभारी त्या बाबतीत दिलदार होता. "हात तुझे चालतात, तर नारळ तूच फोड," तो म्हणायचा. त्यामुळं दरवर्षीच्या फोटोत एकच देखावा. मधोमध हार घातलेलं मशीन आणि त्यावरची चौदा आकड्याची पितळी पट्टी. एका बाजूला टोपी घातलेला कारभारी, कुसाबाई आणि दर फोटोत थोडी उंच झालेली त्यांची सृष्टी. दुसऱ्या बाजूला हातात नारळाची भकलं घेतलेला बहिरू. करोनाच्या वर्षी सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नऊ वर्षांचे नऊ फोटो.

त्यातल्या चौथ्या फोटोत एक म्हातारी आहे. झालं असं, की बहिरू एकदा जेवताना म्हणाला, "आयला एकदा बघायचं व्हतं, मी काय काम करतो. तिला वाटतं मी इथं मोटारगाड्या चालवतो." ठेक्यावरच्यांच्या घरच्यांना आत सोडत नसत. कारभारीनं काय करावं? आपल्या कुटुंबाच्या पासवर बेधडक लिहिलं: धोंडाबाई, मावशी. गेटवरच्या वॉचमननं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेल्या त्या म्हातारीकडं आणि मग कारभारीकडं बघितलं. "माझी सख्खी मावशी आहे, काही म्हणणं आहे का?" कारभारी गुरकावला. धोंडाबाईनं दाराशी वहाणा काढल्या, मशीनला पुरी प्रदक्षिणा घातली, दोन्ही तळवे त्याच्या अंगावर टेकवले आणि म्हणाली, "पोऱ्या येवढा राबं, अन् ह्ये गारच हाय." सगळे पोट धरून हसले. त्याच हसण्यात फोटो निघाला. त्याच हिवाळ्यात धोंडाबाई गेली.

बहिरूकडं आईचा दुसरा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती कुणाचीच आई वाटत नसे. "तुला प्रत काढून देतो," असं कारभारी त्याला कैकदा म्हणाला. आज देतो, उद्या देतो करता करता पाच वर्षं गेली. बहिरूनंही कधी तगादा लावला नाही.

मग ऑर्डर घटल्या. कंपनीनं दुसऱ्या राज्यात नवा कारखाना टाकला आणि एका सोमवारी ठेक्यावरच्या बावीस जणांना गेटवरच थांबवलं. बहिरू त्यांच्यात होता. पोरं वकिलाकडं गेली. वकील म्हणाला, कागदावर तुमच्यापैकी कुणी सलग वर्षभरसुद्धा नाही. तुम्ही वर्षानुवर्षं त्याच मशीनवर होता, याला पुरावा काय? तेव्हा बहिरूला फोटो आठवले. मशीनचा नंबर, तारीख आणि माणूस, तिन्ही एका कागदावर, नऊ वेळा. वकील खुर्चीतून उठून म्हणाला, "आधी ते घेऊन या."

कंपनीत कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही. बहिरूच्या आधी दोन दिवस रविराजच कारभारीच्या घरी आला. जुना दोस्त, कुसाबाईनं पोहे केले. सृष्टी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं घरी होती. तिच्यासाठी आलेलं एक चांगलं स्थळ 'मुलगी नोकरी करत नाही' म्हणून परत गेलं होतं. रविराजनं चौकशी केली. "पोरीचा अर्ज दे माझ्याकडं. ट्रेनी म्हणून लावतो, पुढं पर्मनंटचं बघू," तो म्हणाला. मग पोह्यांवर लिंबू पिळत, "पोरं फोटोबिटो मागत फिरतायत म्हणे. तुझे रिटायर व्हायचे तीन महिने राहिले, कारभारी. कशाला कोर्टाच्या भानगडीत पडतोस?" धमकी अशी काहीच दिली नाही. दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले, कुसाबाईच्या हाताला चव आहे म्हणाला आणि गेला.

रविवारी बहिरू आला. सृष्टी मैत्रिणीकडं गेली होती. घरच्या नागलीच्या पिठाची पिशवी त्यानं कुसाबाईच्या हातात दिली आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. काय हवं ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं.

"अरे, काय सांगू तुला," कारभारी म्हणाला. आपला आवाज इतका सहज कसा निघतोय याचं त्यालाच नवल वाटलं. "गेल्या पावसाळ्यात छत गळलं. माळ्यावरच्या ट्रंकेत पाणी शिरलं. सगळे फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाला, टाकून दिले."

आता कोर्टाचं काहीतरी विचारेल म्हणून कारभारी उत्तर जुळवत होता. बहिरूनं विचारलं, "आयचा बी?"

"तो पण," कारभारी म्हणाला.

बहिरूनं मान हलवली, चहा पूर्ण प्याला, कप मोरीत नेऊन ठेवला आणि "येतो काका" म्हणून गेला. कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ट्रंक माळ्यावर नव्हती, तिच्याच पलंगाखाली होती. "म्हातारीचा तेवढा तरी द्यायचा व्हता," ती म्हणाली. "एक दिला की बाकीचे आहेत हे कळणार नाही का?" कारभारी तिच्यावर ओरडला. त्याचं बोलणं हिशोबाला बरोबर होतं. एक खोटं सांभाळायला दुसरं वाईट करावं लागतं, आणि ते करताना माणूस ओरडतोच. नागलीचं पीठ त्या घरात कुणी भाकरीला घेतलं नाही. पुढं त्यात पोरकिडे झाले.

खटल्याला तारखा पडत गेल्या. तारखेला उभं राहायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. बावीसचे पंधरा झाले, पंधराचे सहा, आणि एका तारखेला कुणीच गेलं नाही. कारभारी रिटायर झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. रविराजनं शब्द पाळला. दिवाळीनंतर सृष्टी कंपनीत लागली, रविराजच्या मेव्हण्याच्या फर्ममार्फत, अकरा महिन्यांसाठी.

वर्ष सरलं, खंडेनवमी आली. त्या सकाळी घरात लगीनघाई. सृष्टीनं नवा कुर्ता घातला, कुसाबाईनं झेंडूचे दोन हार ओवले, कारभारीनं मार्केटमधून पाणीदार नारळ निवडून आणला. ट्रेनीला ठेक्याचे नियम लागत नसतील असं त्यानं धरलं होतं; आपण आता लेकीच्या पासवर आत जाणार, चौदा नंबर पुन्हा बघणार, म्हणून त्यानं टोपीला इस्त्री केली होती. सृष्टी म्हणाली, "तुम्ही दहाला गेटवर या बाबा, मी पास पाठवते."

दहा वाजता कारभारी गेटवर उभा राहिला. साडेदहा झाले, अकरा झाले. वॉचमन नवा होता; त्यानं त्याला सावलीत बसायला सांगितलं. साडेअकराला सृष्टी बाहेर आली. हातात सकाळी नेलेली पिशवी. हार आत तसेच, नारळ अख्खा.

"ट्रेनींना पूजा नाही म्हणे," घरी आल्यावर ती म्हणाली. "आम्हाला मशीन नाही ना. दर महिन्याला बदलून देतात, कुणी एका जागी राहायचं नाही. फोटोग्राफर तर कधीच बंद झाला. मागं कुणीतरी फोटो कोर्टात नेणार होतं, तेव्हापासून." पाणी पिऊन तिनं सावकाश सांगितलं, "आणि मला उद्यापासून ब्रेक दिलाय. परत बोलावतील की नाही ते ऑर्डरवर आहे."

'ऑर्डर वरखाली, तर माणसंही वरखाली' ही करारातली ओळ कारभारीला पाठ होती. तीच आता लेकीच्या तोंडून परत आली होती.

"आई, बाबांचे जुने फोटो आहेत ना ट्रंकेत?" सृष्टी म्हणाली. "दे बघू, कशी असायची ती पूजा ते तरी बघते." कुसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि मग त्याला न विचारता ट्रंक ओढली. शालूच्या घडीतून नऊ फोटो निघाले, पानासारखे कोरडे. सृष्टीनं ते फरशीवर ओळीनं मांडले. लहानपणीच्या आपल्या वेण्या बघून ती हसली. मग बोट ठेवत ठेवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली.

"हे बहिरूदादा ना? दरवर्षी आहेत की. नऊ वर्षं एकाच मशीनवर," ती म्हणाली. "मग ते तर पर्मनंट झाले असतील."

कारभारी उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

बहिरू दिंडोरीकडं मोहाडीला द्राक्षाच्या बागेत असतो, हे त्याला अंबडच्या टपरीवाल्याकडून माहीत होतं. सहा महिने माहीत होतं. दसरा उलटल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाकिटात घातले, स्कूटर काढली आणि म्हसरूळ ओलांडून दिंडोरी रोडला लागला. वाटेत तीनदा थांबला. एकदा तर गाडी वळवून अर्धा किलोमीटर परतही आला.

छाटणी उरकलेली बाग उघडीबोडकी दिसत होती. दहाबारा माणसं ओळीनं काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पेस्ट लावत होती. त्या औषधानं कातडी सोलते, म्हणून सगळ्यांच्या हातात रबरी मोजे. बहिरूनं त्याला लांबूनच ओळखलं. "काका?" म्हणत तो ओळीतून बाहेर आला. केस विरळ झाले होते. गुडघ्याचं कसं आहे, हे त्यानं आधी विचारलं.

कारभारीनं पाकीट पुढं केलं. बहिरूनं मोजे काढले, नळीच्या पाण्यानं हात धुतले, सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसले आणि फोटो बाहेर काढले. चौथ्या फोटोवर तो थांबला. मशीनला तळवे टेकवून हसणारी धोंडाबाई. तो इतका वेळ थांबला की शेजारची ओळ पुढं निघून गेली.

"भिजले नव्हते," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"नाही. मी खोटं बोललो. पोरीच्या नोकरीपायी बोललो." कारभारी म्हणाला. "तुझा घात केला मी, बहिरू. तुम्हा सगळ्यांचा केला. हे वकिलाला दे. मी येतो साक्षीला, तू म्हणशील तिथं येतो."

"कुनासाठी? बावीस व्हतो. कुनी सुरतेला गेला, दोघं मनमाडला हमालीवर हायेत, बाकी गावाला. आता कोन उभा राहनार?" बहिरू हे शांतपणे बोलला. मग त्यानं विचारलं, "सृष्टीताई लागली ना पन?"

"लागली होती. ब्रेक दिला परवा."

बहिरू "बरं झालं" म्हणाला असता, तर कारभारी हलका होऊन घरी गेला असता. पण त्याचा चेहरा खरोखरच उतरला. "अरेरे," तो म्हणाला. "मंग तिला सांगा काका, मशीनसमोर उभं राहून एखादा फोटो काढून ठेव म्हनावं. पुढं कामाला येतो."

"आता फोटो काढू देत नाहीत."

"हां," बहिरू म्हणाला.

पलीकडून मुकादमानं हाक मारली. बहिरूनं आईचा फोटो वरच्या खिशात ठेवला आणि खिशाची गुंडी लावली. उरलेले आठ त्यानं एकसारखे केले, पाकिटात घातले आणि दोन्ही हातांनी परत दिले. कारभारीनं हात मागं घेतला, तेव्हा त्यानं ते अलगद त्याच्या स्कूटरच्या सीटवर ठेवले. "ह्ये तुमच्या घरचे. ताई ल्हान हाये यात."

त्यानं मोजे चढवले आणि ओळीकडं वळता वळता म्हणाला, "येतो, साहेब."

नऊ वर्षं एका मशीनवर काढली होती त्यांनी. तेवढ्या काळात बहिरू त्याला कधीही साहेब म्हणाला नव्हता.